चीनच्या कस्टमशी गाठ आहे? मग या चुका टाळा

"माल कस्टममध्ये अडकलाय" असा चीनहून निरोप आला की आपल्याकडचा व्यापारी पहिला प्रश्न विचारतो, "ड्युटी किती भरायची?" बऱ्याचदा ड्युटीचा प्रश्नच नसतो. कारखान्याचा नोंदणी क्रमांक खोक्यावर छापायचा राहिलेला असतो, ट्रेडमार्क तिकडे दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघालेला असतो, परवाना भलत्याच मंत्रालयाकडून यायचा असतो, नाहीतर कागदावर निर्यातदार म्हणून कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव असतं. मधल्या एजंटलाही नक्की काय अडलंय ते माहीत नसतं, म्हणून तो "दोन दिवसांत होईल" म्हणत राहतो आणि इकडे डिमरेजचं, म्हणजे बंदरावर अडकून पडल्याच्या आकारणीचं, मीटर पळत असतं.

चीनच्या कस्टमच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी माहीत असलं तर यातली निम्मी धावपळ वाचते.

खात्याचं नाव सीमाशुल्क महाप्रशासन. निर्यातदारांच्या बोलण्यात ते 'जीएसीसी' असतं. मुख्यालय बीजिंगला, दर्जा मंत्रालयाचा, आणि वर थेट स्टेट कौन्सिल, म्हणजे केंद्र सरकार. स्थापना २५ ऑक्टोबर १९४९ ची, प्रजासत्ताक जाहीर झाल्यावर महिन्याच्या आतली. ज्या कायद्यावर ते चालतं तो १ जुलै १९८७ ला लागू झाला आणि पुढे अनेकदा दुरुस्त झाला. वाहनं, माल, प्रवाशांचं सामान आणि टपाल यांवर देखरेख, करवसुली, तस्करीचा तपास आणि व्यापाराची आकडेवारी ही त्यात नेमून दिलेली कामं.

हे फक्त कर गोळा करणारं खातं आहे असं धरून चालणं

गोंधळाची सुरुवात इथून होते. आपल्या डोक्यात भारतातली वाटणी असते. ड्युटी कस्टमवाले बघतात, खाण्याच्या वस्तू अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, बघतं, फळं-बियाणं प्लांट क्वारंटीन बघतं. चीनमध्येही २०१८ पर्यंत तपासणी आणि क्वारंटीनचं काम वेगळ्या खात्याकडे होतं. मार्च २०१८ च्या फेररचनेत ते खातं मोडीत निघालं आणि २० एप्रिलपासून बंदरांवरची त्याची माणसं कस्टमच्या नावाखाली काम करू लागली. त्याच वर्षी १ ऑगस्टला दोन्हीकडचे अर्ज एक झाले आणि २२९ रकान्यांचे १०५ उरले.

म्हणजे आज एकच खातं कस्टम कायद्याबरोबर अन्नसुरक्षा कायदा, प्राणी-वनस्पती क्वारंटीन कायदा, मालतपासणी कायदा आणि सीमेवरचा आरोग्य क्वारंटीन कायदा बंदरावर राबवतं. तुमच्या पोत्यात भुंगेरा सापडला तरी तेच, लेबल चुकलं तरी तेच आणि किंमत कमी दाखवली तरी तेच. पण तिन्ही प्रकरणांची वाट वेगळी. किडीच्या मालाला धुरी द्यावी लागते, तो परत पाठवावा लागतो किंवा नष्ट केला जातो. तिथे ड्युटी भरून काही सुटत नाही. म्हणून एजंटला "किती पैसे" असं विचारण्याआधी "नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे" असं विचारा आणि नोटिशीचा फोटो मागा. फोटो देता येत नसेल तर बहुधा नोटीस निघालेलीच नाही आणि कागदपत्रं एजंटच्याच टेबलावर पडून आहेत.

या एकत्रीकरणानं खात्याचं वजन किती वाढलं ते २४ ऑगस्ट २०२३ ला दिसलं. फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी जपाननं समुद्रात सोडायला सुरुवात केली त्याच दिवशी जीएसीसीनं जपानमधून येणारा सगळा सागरी माल बंद केला. त्याआधी, कोविडच्या काळात, गोठवलेल्या मासळीच्या वेष्टणावर विषाणूचा अंश सापडला म्हणून भारतातल्या कारखान्यांची आयातही याच खात्यानं थांबवली होती. ९९ भारतीय कारखान्यांवरची ती स्थगिती उठायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. ज्यांनी त्या काळात "ड्युटी वाढवा पण माल घ्या" अशी बोलणी लावली त्यांचा वेळ फुकट गेला.

"तिथल्या महापौरांशी ओळख आहे" यावर विसंबणं

पुरवठादार छातीठोकपणे सांगतो की स्थानिक सरकारात आपली माणसं आहेत. असतीलही. पण कस्टम कायद्यानं हे खातं वरून खाली एकाच साखळीत बांधलेलं आहे. देशभरात ४२ विभागीय कस्टम आहेत, त्यांच्या हद्दी प्रांतांच्या हद्दीशी जुळल्याच पाहिजेत असं नाही, आणि ती सगळी जबाबदार असतात बीजिंगच्या महाप्रशासनाला. निंगबो शहराच्या महापौराला निंगबो कस्टमवर हुकूम चालवता येत नाही.

ही साखळी कागदावर आधीपासून होती, पण ती किती सडू शकते हे शियामेनच्या युआनहुआ प्रकरणानं दाखवलं. लाय चांगशिंग या व्यापाऱ्यानं तेल, मोटारगाड्या, सिगारेटी असा सुमारे ५३ अब्ज युआनचा माल तस्करीनं आत आणला आणि त्यासाठी कस्टम अधिकाऱ्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना बांधून ठेवलं. १९९९ मध्ये तो कॅनडाला पळाला, २०११ मध्ये परत पाठवला गेला आणि २०१२ मध्ये जन्मठेप झाली. १९९९ च्याच जानेवारीत कस्टमच्या आत तस्करीविरोधी पोलीस दल उभं राहिलं. त्याच्यावर महाप्रशासन आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्रालय अशा दोघांचा ताबा असतो आणि ते अटक, तपास असं पोलिसांचं सगळं काम करतं.

दलाच्या बाहेरच्या साध्या कस्टम अधिकाऱ्याचे अधिकारही कमी नाहीत. तो माल आणि वाहन तपासतो, करार, बिलं, हिशेबाच्या वह्या मागतो, त्यांच्या प्रती काढतो. कस्टमच्या देखरेखीच्या क्षेत्रात तस्करीच्या संशयिताची झडती घेता येते आणि वरिष्ठाच्या मंजुरीनं त्याला २४ तास, विशेष परिस्थितीत ४८ तासांपर्यंत रोखून ठेवता येतं. विभागीय प्रमुखाची मंजुरी असेल तर बँक खातंही तपासता येतं. त्या क्षेत्राबाहेर गोदामाची झडती घेता येते, मात्र लोकांची राहती घरं या अधिकारातून वगळलेली आहेत. हे सगळं वाचल्यावर तरी "तिथे सेटिंग होतं" या वाक्यावर पैसे लावू नयेत. करचुकवेगिरी एका व्यक्तीच्या बाबतीत एक लाख युआन आणि कंपनीच्या बाबतीत दोन लाख युआनच्या वर गेली की तो फौजदारी गुन्हा ठरतो. एका कंटेनरात हा आकडा सहज गाठला जातो.

दर आणि परवान्यासाठी कस्टमच्या दारात जाणं

आयातीचा दर कस्टम ठरवत नाही. तो ठरवतो स्टेट कौन्सिलचा सीमाशुल्क दर आयोग, आणि त्याचं कार्यालय अर्थ मंत्रालयात आहे. अमेरिकेवर बदला म्हणून चीन जे वाढीव दर लावतो ते याच आयोगाच्या नावानं जाहीर होतात. १ डिसेंबर २०२४ पासून चीनमध्ये स्वतंत्र सीमाशुल्क दर कायदा लागू झाला. त्याआधी २००३ च्या नियमावलीवर काम चाले. कस्टमचं काम आहे ते ठरलेला दर लावणं, किंमत आणि वर्गवारी तपासणं, आणि त्याबरोबर आयातीवरचा व्हॅट वसूल करणं. व्हॅट साधारण १३ टक्के, काही वस्तूंना ९.

निर्यात परवान्याचंही तसंच. ४ एप्रिल २०२५ ला वाणिज्य मंत्रालय आणि कस्टम यांनी मिळून समारियम, डिस्प्रोशियम, टर्बियम यांच्यासह सात दुर्मिळ खनिजांवर परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक वाहनांच्या मोटरमधलं चुंबक त्यात आलं. पुण्याच्या बजाज ऑटोनं त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीरपणे इशारा दिला की चुंबकं मिळाली नाहीत तर इलेक्ट्रिक दुचाकींचं उत्पादन बंद पडू शकतं. त्या दिवसांत सुटे भाग बनवणारे अनेक लहान कारखानदार आपल्या फॉरवर्डरला, म्हणजे मालवाहतूक बघणाऱ्या एजंटला, रोज फोन करत होते की कस्टममध्ये कुणाला तरी सांगून बघ. फॉरवर्डर काय करणार? परवाना देणारं वाणिज्य मंत्रालय. अंतिम वापर काय, वापरणारा कोण, याची कागदपत्रं तिकडे जायची. कस्टमच्या हातात फक्त अडवण्याची किल्ली.

यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. माल नियंत्रित यादीत आहे असं कस्टमला वाटलं तर ते निर्यातदाराला जाब विचारू शकतं आणि तज्ज्ञांकडून तपासणी मागवू शकतं, आणि तोपर्यंत माल सुटत नाही. त्यामुळे नुसत्या इलेक्ट्रिक मोटर मागवणाऱ्याचाही कंटेनर अडतो, कारण आत चुंबक आहे. अशा मालासोबत घटकद्रव्यांचा तक्ता आणि 'यादीत का बसत नाही' याचा कारखान्याचा तांत्रिक खुलासा आधीच तयार ठेवायला सांगा.

खाण्याचा माल: नोंदणी एकदा झाली म्हणजे झाली असं समजणं

आपल्या निर्यातदारांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

चीनमध्ये खाद्यपदार्थ पाठवायला तीन कुलपं उघडावी लागतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिलं, त्या देशाच्या त्या वस्तूला चीनची बाजारपेठ खुली आहे का. त्यासाठी बहुतेक शेतमालाला दोन सरकारांमधला करार लागतो. भारताच्या आंब्याचा करार २००३ चा, द्राक्षांचा २००५ चा, बिगरबासमती तांदळाला वाट मिळाली ती जून २०१८ मध्ये. दुसरं, तुमचा कारखाना, गिरणी, बाग किंवा पॅकहाऊस जीएसीसीच्या यादीत आहे का. तिसरं, ती विशिष्ट खेप बंदरावर तपासणीत टिकते का.

सप्टेंबर २०१८ मध्ये बिगरबासमती तांदळाची पहिली १०० टनांची खेप नागपूरहून निघाली तेव्हा पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. विदर्भातल्या बऱ्याच गिरणीमालकांना वाटलं की आता कुणालाही पाठवता येईल. त्या वेळी सगळ्या देशातून नोंदल्या गेलेल्या गिरण्या होत्या १९. शेजारच्या नोंदलेल्या गिरणीच्या नावानं आपला तांदूळ पाठवण्याची युक्ती काहींना सुचते. ती करू नका. चीनच्या क्वारंटीन यादीतला खपरा भुंगेरा एका खेपेत निघाला तर नोंदणी त्या गिरणीची जाते आणि चीनचा संशय सगळ्या भारतीय तांदळावर बसतो.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आदेश क्रमांक २४८ नं जवळपास प्रत्येक परदेशी अन्नकारखान्याला नोंदणी बंधनकारक केली. मांस, मासळी, दूध, मध, अंडी, खाद्यतेल, धान्य, सुकामेवा, मसाले, न भाजलेली कॉफी अशा १८ गटांना आपल्या देशाच्या सक्षम संस्थेची शिफारस लागू झाली. मासळीसाठी ती संस्था म्हणजे एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिल. बिस्किटं, शीतपेयं यांसारख्या बाकीच्या वस्तूंना कारखाना स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्या प्रणालीला सगळे 'सिफर' म्हणतात.

आता चुका कुठे होतात ते बघा.

गट चुकतो. मिरची पावडर मसाल्यात, वाळवलेला कांदा भाजीपाल्यात, भाजलेले शेंगदाणे आणखी कुठेतरी. सिफरवर आधी चीनच्या मालक्रमांकावरून वस्तू शोधावी लागते आणि मग ती कोणत्या वाटेनं जाईल हे प्रणाली सांगते. आपल्याकडचा आठ अंकी क्रमांक तिथे टाकून "सापडत नाही" म्हणणारे कितीतरी आहेत. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. चीनचा क्रमांक दहा अंकी असतो आणि तपासणीसाठी त्यापुढे आणखी तीन अंक जोडतात.

पत्ता जुळत नाही. एफएसएसएआयच्या परवान्यावर 'प्लॉट नं. बी-१४, एमआयडीसी', शिफारसपत्रावर 'बी १४, औद्योगिक वसाहत' आणि सिफरवर तिसरंच काही. माणसाला हे एकच वाटतं. पलीकडे बसलेला तपासनीस चिनी अनुवादातून वाचत असतो आणि त्याच्यासमोर तीन कारखाने असतात. अर्ज परत. एकदाच एक नमुना ठरवा आणि परवान्यापासून खोक्यापर्यंत अक्षर न अक्षर तोच वापरा.

मुदत निघून जाते. २४८ खाली नोंदणी पाच वर्षांची, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी तीन ते सहा महिन्यांच्या खिडकीत करायचा. २०२२ च्या सुरुवातीला घाईघाईनं नोंदलेल्यांची पाच वर्षं २०२७ च्या सुरुवातीला संपतात. २४८ मधली त्याहून फसवी अट अशी की कारखाना दुसऱ्या जागी हलवला किंवा कायदेशीर प्रतिनिधी बदलला तर जुना क्रमांक आपोआप रद्द, नोंदणी नव्यानं. वडील निवृत्त झाले, मुलगा संचालक झाला, घरात पेढे वाटले गेले आणि चीनला जाणारी पुढची खेप बंदरावर लटकली, असं होऊ शकतं. बदलाआधी शिफारस करणाऱ्या संस्थेशी बोलून घ्या.

क्रमांक छापायचा राहतो. नोंदणी क्रमांक आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वेष्टणांवर हवा. आपल्याकडे बाहेरच्या खोक्यावर छापतात आणि आतली पिशवी जुन्या साठ्यातली वापरतात. चिनी भाषेतल्या लेबलची जबाबदारी २०१९ च्या ऑक्टोबरपासून आयातदारावर आहे. आधीसारखी पहिल्या आयातीच्या वेळी कस्टमकडे लेबलची नोंद होत नाही. म्हणून "कस्टमनं लेबल पास केलं होतं" हा बचाव आता उरलेला नाही.

आणि नियम पुन्हा बदलले आहेत. २४८ ची जागा घेणारा आदेश २८० ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाला, लागू होण्याची तारीख १ जून २०२६. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या २०२२ च्या पीडीएफवरून अर्ज भरणं आता तरी थांबवा.

कागदावर निर्यातदार कोण आहे ते न बघणं

चीनमधून माल आणणाऱ्यांसाठी हा भाग.

चीनमधल्या यिवू शहराच्या घाऊक बाजारातला छोटा दुकानदार बहुधा स्वतः निर्यात करत नाही. निर्यात करायला कस्टमकडे नोंद लागते, ती त्याच्याकडे नसते. मग तो दुसऱ्या कुणाचे तरी निर्यातीचे कागद विकत घेतो आणि तुमचा माल त्या कंपनीच्या नावावर निघतो. हा प्रकार तिकडे सर्रास चालतो आणि तो नियमबाह्य आहे. तुमच्याकडे बिल एका नावाचं, पैसे गेले दुसऱ्या खात्यात, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, तिसरंच नाव. न्हावाशेव्याला अधिकाऱ्यानं हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचा आठवडा गेलाच म्हणून समजा. ऑर्डर देतानाच लेखी विचारा: चिनी डिक्लेरेशनवर (कस्टमला द्यायच्या घोषणापत्रावर) निर्यातदार म्हणून कोणाचं नाव असेल? उत्तर टाळलं तर भाव कितीही चांगला असो, दुसरा बघा.

किंमत कमी दाखवायला सांगणं ही त्याचीच बहीण. पुरवठादार हसत हो म्हणतो आणि तुम्हाला निम्म्या किमतीचं बिल पाठवतो. पण चीनमध्ये निर्यातीवर व्हॅटचा परतावा मिळतो आणि तो मोजला जातो खऱ्या व्यवहाराच्या कागदांवरून. त्यामुळे परतावा घेणारा निर्यातदार तिकडच्या डिक्लेरेशनमध्ये पूर्ण किंमतच टाकतो. म्हणजे त्याच मालाच्या दोन किमती दोन देशांच्या कस्टमकडे नोंदलेल्या राहतात. २००५ पासून दोन्ही देशांत कस्टमबाबत परस्पर साहाय्याचा करार आहे, आणि भारतीय कायद्यात लपवाछपवी असेल तर पाच वर्षं मागे जाऊन मागणी काढता येते. चीनचं कस्टमही माल सुटल्यानंतर तीन वर्षांपर्यंत कंपनीच्या वह्या उघडायला लावू शकतं. आज सुटलेला माल कायमचा सुटला असं दोन्हीकडे नाही.

आशिया-पॅसिफिक व्यापार कराराखाली सवलतीची ड्युटी लावणाऱ्यांनाही हेच लागू. मूळ देशाचा दाखला चीनमध्ये कस्टम किंवा तिथली व्यापार परिषद देते. २१ सप्टेंबर २०२० पासून भारतात आयातदारालाच मूल्यवर्धनाचा तपशील द्यावा लागतो. दाखला हातात आहे म्हणून फाइल बंद करू नका. कारखान्याकडून खर्चाचा तक्ता आधी घेऊन ठेवा.

आणि एकदा स्वीकारलेलं डिक्लेरेशन चीनमध्ये सहज बदलता येत नाही. मंजुरी घेऊन दुरुस्ती करावी लागते. मसुदा आधी मागवून वाचण्याची सवय लावा.

आपला ब्रँड, आपला माल, मग कोण अडवणार?

चीनचं कस्टम बौद्धिक संपदेसाठी आयातीबरोबर निर्यातही तपासतं. ट्रेडमार्क देणारं कार्यालय वेगळं, पण मिळालेला ट्रेडमार्क मालकानं जीएसीसीकडे नोंदवला की देशातल्या प्रत्येक बंदरावर तो संगणकात दिसतो. नोंदणी दहा वर्षांची, आणि २०१५ च्या नोव्हेंबरपासून तिला शुल्क नाही.

चीनमध्ये ट्रेडमार्क मिळतो आधी अर्ज करणाऱ्याला. समजा कोल्हापूरच्या कुणी मिक्सरचा आपला ब्रँड भारतात पंचवीस वर्षं चालवला, आता माल निंगबोजवळच्या कारखान्यातून बनवून घेतो. तिकडच्या कुणीतरी तेच नाव तिथे आपल्या नावावर करून कस्टमकडे नोंदवलं. कोल्हापूरकरांचा कंटेनर निंगबोला पोचतो, अधिकारी खोकी उघडतो, नाव जुळतं, आणि नोटीस जाते त्या चिनी 'मालका'ला. त्याला तीन कामाच्या दिवसांत सांगायचं असतं की माल जप्त करा, आणि तारण भरायचं असतं. तारणाची वरची मर्यादा एक लाख युआन. तेवढ्या पैशात तो तुमचा अख्खा हंगाम धरून बसतो आणि मग ब्रँड 'परत विकायची' बोलणी सुरू होतात.

"माल चीनमध्ये विकायचाच नाही, फक्त बनवून बाहेर न्यायचाय" हा युक्तिवाद पूर्वी कधी कधी चालायचा. २०१९ मध्ये होंडाच्या प्रकरणात, म्यानमारला निघालेल्या मोटारसायकलींच्या खेपेवर, चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. उपाय कंटाळवाणा आहे: पहिली ऑर्डर देण्याआधी चीनमध्ये ट्रेडमार्कचा अर्ज करा, मिळाल्यावर कस्टमकडे नोंदवा, आणि कारखान्याचं नाव अधिकृत उत्पादक म्हणून त्या नोंदीत टाका. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग आपल्याच नोंदणीमुळे आपलाच माल अडतो.

जाता जाता नकाशाचं. भारताचा नकाशा असलेले पृथ्वीगोल, डायऱ्या, मुलांची कोडी चीनमध्ये छापून घेऊ नका. २०१९ मध्ये छिंगदाओ कस्टमनं निर्यातीसाठी निघालेले सुमारे २९ हजार नकाशे नष्ट केले. तैवान आणि भारत-चीन सीमा त्यात चीनच्या मताप्रमाणे दाखवलेली नव्हती. चीनला चालेल असा नकाशा छापलात तर तो भारतात आणता येत नाही. इथे मधला मार्ग नाही.

ग्वांगझोच्या विमानतळावर

कँटन फेअरला, म्हणजे ग्वांगझोच्या व्यापारी मेळ्याला, जाणाऱ्यांनी पासपोर्टची खिडकी आणि कस्टमची मार्गिका एक समजू नये. पासपोर्टवाले इमिग्रेशनचे, २०१८ पासून वेगळ्या प्रशासनाचे. तिथे सुटलात म्हणजे पुढे सुटलात असं नाही.

पाच हजार डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन असेल तर लेखी जाहीर करा. येताना न सांगितलेली रक्कम परत नेताना अडचण होते. युआनची मर्यादा वीस हजार. दारू दीड लिटरपर्यंत. देवगडचा हापूस व्यापारी करारानं जाऊ शकतो, पण तुमच्या बॅगेतून नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस, अंडी आणि लोणी-चीजसारखे दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तुळशीची रोपं तर नाहीतच. चकली-चिवडा घेऊन जा. नमुन्यांचे वीस-पंचवीस नग असतील तर हिरव्या मार्गिकेतून (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या) जाऊ नका, ते सामान नसून माल आहे. आरोग्याचं घोषणापत्र १ नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटी मात्र चालू आहेत.

हाँगकाँग आणि आकडे

हाँगकाँग हे वेगळं सीमाशुल्क क्षेत्र आहे, त्याचं कस्टम खातं वेगळं, आणि जीएसीसीचा तिथे अधिकार चालत नाही. हाँगकाँगला माल सहज उतरला म्हणून शेन्झेनला सहज जाईल असं समजू नका. तिथे आयात पहिल्यापासून सुरू होते.

काही अंशी याच कारणानं व्यापाराचे आकडेही जुळत नाहीत. भारताच्या हिशेबानं २०२४-२५ मध्ये आपली चीनला निर्यात सुमारे १४ अब्ज डॉलर, तर चिनी कस्टमच्या हिशेबानं २०२४ मध्ये भारताकडून आयात सुमारे १८ अब्ज. चीन जानेवारी ते डिसेंबर मोजतो, आयातीत वाहतूक आणि विमा धरतो आणि हाँगकाँगमार्गे आलेला माल मूळ देशाच्या नावावर टाकतो. लेखात किंवा स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात दोन्ही आकडे एका वाक्यात बसवू नका.

अडकलाच तर

आयात माल बंदरावर आल्यापासून १४ दिवसांत डिक्लेरेशन करायचं असतं. त्यानंतर रोज किमतीच्या दहा हजारी पाच इतका दंड चढतो. ऐकायला थोडा वाटतो, पण गोदामाचं भाडं वेगळं. तीन महिने कुणी दाद घेतली नाही तर कस्टम माल विकून टाकू शकतं, नाशवंत असेल तर त्याआधीही. विक्रीतून भाडं, खर्च, कर वजा जाऊन उरलेले पैसे आयातदाराला मागता येतात, पण वर्षाच्या आत.

वर्गवारी किंवा किमतीबद्दल शंका असेल तर माल पोचायची वाट बघू नका. २०१८ च्या फेब्रुवारीपासून आगाऊ निर्णय मागता येतो. अर्ज आयातीच्या तीन महिने आधी, उत्तर साधारण ६० दिवसांत, निर्णय तीन वर्षं लागू. मात्र अर्जदार चीनमधला नोंदलेला आयातदार किंवा निर्यातदारच असावा लागतो. तक्रारीचंही तेच: भारतीय कंपनी बहुतेक वेळा त्या प्रकरणात पक्षकारच नसते, त्यामुळे तुमचा चिनी खरेदीदार किंवा पुरवठादार पुढे व्हायला तयार आहे का हे करारातच लिहून घ्या. चौकशीसाठी १२३६० हा कस्टमचा क्रमांक आहे, तोही त्यालाच लावायला सांगा आणि डिक्लेरेशनचा क्रमांक हातात ठेवायला सांगा. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरच्या कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. विभागीय कस्टमचा निर्णय असेल तर तो जातो थेट बीजिंगला. कराचा वाद असेल तर आधी फेरविचार, आणि त्यातही समाधान झालं नाही तरच न्यायालय.